पहिली कुजली, दुसरी झिजली

मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो. निळ्या जाड कापडाची, दोन चाकांची, वर ओढायचा दांडा असलेली. कापड मूळचे आहे, दांडा मूळचा आहे. चाके मात्र तिसरी. पहिली कुजली, दुसरी झिजली. या दोन शब्दांत काय फरक आहे, तेवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे ओळीने बारा शिलाई यंत्रे होती. सातव्या यंत्रावरच्या बाईने माझ्या मुठीला शिवण घातली, ओढून पाहिली आणि कोणी सांगितले नसताना त्यावरून दुसरी शिवण घातली. ती मूठ अजून उसवलेली नाही. त्या बाईचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, पण कोणी मला उचलले की तिची आठवण येते.

दुकानात मी तीन आठवडे होते. मग एक निवृत्त पोस्टमन आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी तेवीस वर्षांची होती. पाण्याचे मोठे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तिला नुकतीच इंजिनिअरची नोकरी लागली होती. पोस्टमननी माझा रंग पाहिला नाही, कप्पे उघडले नाहीत. मला दुकानात चार वेळा इकडून तिकडे ओढले, उलटे केले आणि चाके बोटाने फिरवून पाहिली.

"बाकी काही फाटलं तर शिवता येतं," ते म्हणाले. "चाकं तेवढी बघून घ्यावीत. आता तुला गावोगाव जायचंय. पंप काय तुझ्या टेबलापर्यंत चालत येणार आहेत?"

ती मुलगी म्हणजे माझ्या बाई. मी त्यांच्याबरोबर घरी गेले आणि वाट पाहू लागले.

कारखान्याचे पंप गावोगावच्या पाणीपुरवठ्याला बसवलेले असत. कुठे पंप बिघडला की दुरुस्तीला माणसे पाठवत. दर सोमवारी मोठे साहेब त्यांची यादी करत आणि ती फळ्यावर लागे. तीनदा बाईंचे नाव त्या यादीत आले आणि तीनदा साहेबांनी ते स्वतःच्या हाताने खोडले. पहिल्यांदा, त्यांचे नुकतेच लग्न झाले होते म्हणून. दुसऱ्यांदा, मूल होणार होते म्हणून. तिसऱ्यांदा, ते मूल रांगत होते म्हणून. पुढे खोडायची वेळ आली नाही, कारण नाव घालायचेच बंद झाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण ते खरे आहे. घरी लहान मूल आहे, कशाला त्रास द्या, असे ते म्हणत, आणि तसे त्यांना मनापासून वाटत असे.

लग्नानंतर मी बाईंबरोबर सासरी आले होते, आणि इकडे सासूबाईंनाही माझ्याबद्दल तसेच वाटले. नवी कोरी वस्तू आहे, जपून ठेवू, असे म्हणून त्यांनी मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वरून सुतळी बांधली आणि माळ्यावर ठेवले. माझ्या डावीकडे बंद पडलेला पंखा होता, उजवीकडे पाळण्याच्या दांड्या. तिथे मी सात वर्षे राहिले.

माळ्यावरून घर दिसत नाही, ऐकू येते. आठवड्यातून दोनदा तरी फिटरदादांचा फोन येई. दादा म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने फिटर. ते कुठल्या तरी दूरच्या गावात पंपाजवळ उभे असत. बाई म्हणत, फोन पंपाला लावा, आणि मग बराच वेळ गप्प बसून ऐकत. शेवटी सांगत, बेअरिंग गेलंय, किंवा हवा धरतोय, किंवा पाना कुणी आत विसरलाय का बघा. दहात नऊ वेळा ते खरे निघे. दादा कारखान्यात सगळ्यांना सांगत, "आमच्या डॉक्टरीणबाई घरबसल्या नाडी बघतात. औषध त्यांचं, नाव मात्र आमचं."

बाईंचे वडील अधूनमधून येत. बॅग कुठवर जाऊन आली, असे विचारत. बाई म्हणत, जाईल, बाबा. सातव्या वर्षी त्यांनी विचारायचे सोडून दिले. त्यांचे ते न विचारणे मला जास्त लागले.

त्याच वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती बाईंपेक्षा चार वर्षांनी मागून आलेल्या माणसाला मिळाली. बाईंच्या कागदावर एकच ओळ होती: बाहेरगावच्या कामाचा अनुभव नाही.

त्या संध्याकाळी जे झाले, ते मी नुसत्या कानांनी जुळवले. बाई घरी आल्या आणि चपला न काढता खुर्चीवर बसल्या. नवरा शाळेत गणित शिकवत असे. त्याने पाणी आणून दिले. पाच वर्षांची चिऊ, त्यांची मुलगी, आईच्या मांडीवर चढून बसली. बाईंनी सगळे सांगितले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"पण मला जायचंय, असं तू कधी म्हणालीस का त्यांना?"

"त्यांनी कधी विचारलं का?"

"म्हणजे सात वर्षं त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. दोघं शहाणे." सासूबाईंनी सूप बाजूला सारले. "चिऊला मी बघते. तुझा नवराही काही पाहुणा नाही या घरात. जा, आणि उद्या सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी काय झाले, ते बाईंनी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितले. साहेब खरोखरच चकित झाले होते. मला वाटत होते, मी तुम्हाला जपतोय, असे म्हणाले. बाईंनी एवढेच उत्तर दिले होते: "साहेब, मला विचारून जपा."

सोमवारी यादीत नाव लागले. एका गावचा पंप वर्षभरात तीन वेळा बंद पडला होता. फोनवर आवाज ऐकून बाईंनी तिन्ही वेळा बेअरिंग बदलायला सांगितले होते आणि दर वेळी ते नवे बेअरिंग चार महिन्यांत खराब झाले होते. म्हणजे त्यांचेच औषध लागू पडत नव्हते. आता चौथ्यांदा पंप बंद करायची वेळ आली होती. साहेबांनी सांगून ठेवले होते की या खेपेला जमले नाही, तर गावाला दुसरीकडून पंप घ्यायला सांगू. पहिलीच फेरी आणि तीही अशी.

मला खाली काढले, पिशवी सोडली. वरून मी जशीच्या तशी नवी होते. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, बघा, एक ओरखडा नाही. बाईंनी कपडे भरले, तळाशी हत्यारे ठेवली, चिऊने एक रंगीत खडू टाकला. बसस्थानकाच्या फरशीवर मला ओढले आणि शंभर पावलांत माझ्या दोन्ही चाकांचे रबर कोरड्या बिस्किटासारखे तुटून पडले. मागे काळ्या चुऱ्याची रेघ उमटली. मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की काय सांगू. बाईंनी वाकून पाहिले आणि मला उचलून चालू लागल्या.

फिटरदादा सोबत आले होते. पंपघराच्या दारात तिथला पंपचालक उभा होता. त्याने बाईंकडे पाहिले, दादांकडे पाहिले आणि विचारले, साहेब मागून येतायत का?

"साहेब याच," दादा म्हणाले. "मागून फक्त यांचा डबा येतो."

बाईंनी मला पंपाशेजारी उभे केले आणि काम सुरू केले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाला टेकवून मूठ कानाला लावली. आवाज फोनवर यायचा तसाच होता. अर्धा दिवस गेला. बाईंचे सगळे तपासून झाले, काही सापडले नाही. पंपचालक दादांच्या कानाशी लागून म्हणाला, की घरी बसूनच बरं होतं की यांचं.

आणि तेव्हा मी चालले.

मी काही केले नाही, हे कबूल केले पाहिजे. माझ्या चाकांवर रबर उरले नव्हते. त्या नुसत्या कडक चकत्यांवर उभी राहून मी थरथरत होते आणि थरथरत एका बाजूला सरकत होते. बाईंनी वळून पाहिले तर मी ठेवल्या जागेपासून हातभर दूर होते. त्यांनी मला उचलून पंपाच्या दुसऱ्या कोपऱ्याला ठेवले. तिथे मी हलले नाही. परत पहिल्या कोपऱ्याला ठेवले. मी पुन्हा चालू लागले.

बाई गुडघ्यांवर बसल्या. पंप ज्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवला होता, त्यावर त्यांनी पान्याने ठोकायला सुरुवात केली. तीन कोपरे टणक वाजले. चौथा पोकळ वाजला. आत सिमेंट भरलेच नव्हते. तो कोपरा आधाराशिवाय हलत होता आणि त्याच्यापायी दर वेळी नवे बेअरिंग मरत होते.

"दादा, फोनवर आवाज येतो," बाई म्हणाल्या. "जमीन येत नाही."

पोकळी भरून, ती सुकवून, पंप पुन्हा सरळ रेषेत बसवायला नऊ दिवस लागले. रोज दुपारी बाई घरी फोन करत. नवऱ्याने चिऊच्या दोन वेण्या घातल्या होत्या आणि एक कानाच्या वर, दुसरी मानेवर आली होती. चिऊ तशीच शाळेत गेली. बाई हे ऐकून हसल्या, मग माझ्यावर बसून थोडे रडल्या, आणि डोळे पुसून कामाला लागल्या. दहाव्या दिवशी पंप सुरू झाला. पंपचालकाने बराच वेळ कान देऊन ऐकले आणि बाईंसाठी स्वतःची खुर्ची पुढे केली.

परतताना बाई आधी वडिलांकडे गेल्या. वडिलांनी मला उलटे केले. चाकांच्या जागी त्या उघड्या चकत्या पाहिल्या.

"झिजली असती तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "ही तर कुजली."

ते स्वतः सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले, पक्क्या रबराची चाके बसवून आणली आणि मला मुलीच्या हातात दिले. "आता झिजव," म्हणाले.

बाईंनी मला झिजवले. पुढच्या अकरा वर्षांत आम्ही एकशे चार गावे केली. एकेका गावात त्या असे काही शिकत, जे कारखान्याच्या कुठल्याही नकाशात नव्हते. लोक त्यांना नावाने ओळखू लागले. चौथ्या वर्षी त्या विभागप्रमुख झाल्या, नवव्या वर्षी साहेबांच्या खुर्चीवर बसल्या. सगळ्या कारखान्यांच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पहिले वाक्य त्या पोकळ कोपऱ्याबद्दलच सांगितले. मी भिंतीशी उभी होते. माझे एक चाक तेव्हा तिरके झाले होते आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आता सोमवारची यादी बाई करू लागल्या. मी त्यांच्या टेबलाशेजारी असे, म्हणून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले.

त्यांच्या हाताखाली एक नवी इंजिनिअर होती. सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. हुशार होती, आणि तिचे बाळ आठ महिन्यांचे होते. एका मोठ्या पाणीयोजनेचे काम आले. तिथे जो जाईल, त्याचेच नाव पुढच्या बढतीला लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. बाईंनी यादीत छोट्या मॅडमचे नाव लिहिले. थांबल्या. मग हळूच, अगदी मायेने, त्यावर रेघ मारली.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसती उभी होते.

फिटरदादा यादी न्यायला आले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्यांनी चष्मा चढवून यादी वाचली, खोडलेल्या नावावर बोट ठेवले.

"जपताय वाटतं," ते म्हणाले.

बाईंनी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. त्यांची नजर माझ्या चाकांवर गेली. मग उठून त्यांनी स्वतः दार उघडले आणि छोट्या मॅडमना आत बोलावले.

"तुझं नाव मी खोडलं होतं. तुला न विचारता. चुकलं माझं. आता विचारते: जायचंय का?"

"जायचंय, मॅडम. पण बाळाला घेऊन. माझी आई येईल सोबत, तिच्याशी बोलून ठेवलंय कधीच. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

"आणि मी विचारलं नसतं तर?"

"तर थांबूनच राहिले असते," ती म्हणाली.

बाईंनी लगेच फोन करून तीन माणसांसाठी राहायची सोय करायला सांगितली आणि तिसरे माणूस आठ महिन्यांचे आहे, हेही सांगितले.

त्या आठवड्यात त्यांनी माझी दुसरी चाके काढून नवी बसवून घेतली. जुनी इतकी झिजली होती की एका बाजूने नाण्याएवढी पातळ झाली होती. वडील तेव्हा हयात नव्हते. बाईंनी ती चाके फेकली नाहीत, टेबलाच्या खणात ठेवली. मला मात्र त्यांनी छोट्या मॅडमच्या हातात दिले.

आता माझ्या तळाशी पाना असतो आणि त्यावर बाळाची दुपटी. कधीकधी दुपट्यांना ग्रीसचा वास लागतो, पण बाळाची तक्रार नाही. पंपघरात गेल्यावर छोट्या मॅडम आधी मला पंपाशेजारी उभे करतात आणि जरा वेळ बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी कोरी बॅग असेल, तर तिला खाली काढा. आणि घरात कुणाला तुम्ही मायेने जपून ठेवले असेल, तर एकदा त्यांना विचारा. आम्ही झिजतो याचे वाईट वाटून घेऊ नका. मला देताना बाई छोट्या मॅडमना फार काही बोलल्या नव्हत्या. मुठीवरून एकदा हात फिरवला आणि एकच शब्द म्हणाल्या.

"झिजव."