पुलाअलीकडचे सात दिवस

हेलेवीच्या मनात पाल चुकचुकली ती कॉफीमुळे. एकटा माणूस सात दिवस रानात राहायला जातो आणि पाठपिशवीत कॉफीची दोन मोठी पाकिटं भरतो? आर्मास कॉफीबाज होता हे खरं, पण किलोभर कॉफी आठवड्यात एकट्याने संपवणारा माणूस अजून फिनलंडमध्येसुद्धा जन्मायचा होता.

गेली एकोणीस वर्षं दर सप्टेंबरात तो ओउलांकाच्या राष्ट्रीय उद्यानात अस्वलवाट नावाची लांब पायवाट चालायला जायचा. सात दिवस तो तिकडे असायचा आणि उरलेलं वर्षभर त्याचा डंका पिटायचा. उद्यानाला तिकीट नाही, राहायला लाकडी झोपड्या फुकट, चुलीला सरपण फुकट. राईची भाकरी आणि ओटचं पीठ घरूनच न्यायचं, म्हणजे खर्च काय तो बसचा. लोक स्पेनला जाऊन उगाच पैसे उधळतात, असं तो सौनाच्या वाफेत बसून शेजाऱ्यांना ऐकवायचा. मग झुलत्या पुलापलीकडचे धबधबे, ती दरी, तो कडा. शेजारी घाम पुसत माना डोलवायचे. हेलेवीही डोलवायची.

या वर्षी ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि म्हणाली, मीही येते. झालं, तेच फुकटचं उद्यान एकदम महाग झालं. झोपड्यांत उंदीर झाले. गर्दी इतकी वाढली की म्हणे पाय ठेवायला जागा नाही. तिच्या गुडघ्यांची तर त्याला जन्मात पहिल्यांदा काळजी वाटू लागली. पाणी कुठेतरी मुरत होतं हे कळायला काही पोलिसात नोकरी करावी लागत नाही. तिने ओउलूला राहणाऱ्या बहिणीला फोनवर स्पष्ट सांगून टाकलं: तिकडे दुसरी कोणी निघाली, तर मी कायानीला आमच्या घरी परत जाणार नाही, तुझ्याकडे येईन. बहीण म्हणाली, आर्मासला कोण घेणार? हेलेवी म्हणाली, मी घेतलाच होता की.

बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. कूसामो आलं तेव्हा त्याने आजचा दिवस इथेच बाजारात फिरू असं सुचवून पाहिलं. बाजारात तीन दुकानं होती. उद्यानाच्या फाट्यावर उतरल्यावर त्याला बुटांच्या नाड्या बांधायलाच पंधरा मिनिटं लागली. पुढे मात्र वाटेतली एकेक मुळी त्याला पाठ होती. कुठली फळी निसरडी आहे, हे तो न बघता सांगत होता. हेलेवी मागून चालत सगळं मनात टिपून ठेवत होती. या वाटेवरून तो वर्षातून एकदा जातो आणि एकदा येतो, असं आजवर सांगत आला होता. वर्षाला दोन खेपांत कोणाला मुळ्या पाठ होत नाहीत.

दुपारी ते झोपडीपाशी पोचले. झोपडी नदीच्या अलीकडच्या काठावर, आणि तिच्यासमोर तारांवर टांगलेला झुलता पूल. दोन पोरी सॉसेज भाजून नुकत्याच पुलाकडे निघाल्या होत्या. आर्मासने आत जाऊन अंधारात हात घातला आणि त्याला किटलीचा आकडा अचूक सापडला. मग म्हणाला, गुडघा दुखतोय, आज इथेच राहू. घड्याळात एक वाजला होता. गुडघा कुणाचा, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

तो लाकडं फोडायला बाहेर गेला. हेलेवीने टेबलावरची वही पाहिली आणि तिच्याखाली गेल्या वर्षीची. अशी वही प्रत्येक झोपडीत असते. आलेला माणूस आपलं नाव, गाव आणि पुढे कुठे निघालो ते लिहून जातो. कोणी हरवलं तर शोधणारे आधी याच पानावर येतात, म्हणून माणूस देवळात खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, पण या वहीत खोटं लिहिणार नाही. हेलेवीने गेल्या वर्षीचा सप्टेंबर काढला.

"आर्मास, कायानी. आज पुढे गेलो नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सातही दिवस त्याचं ते आखीव अक्षर, आणि सातही दिवस तो इथेच. पहिल्या दिवसाखाली दुसरं, गोलसर अक्षर होतं: "ओइली, कूसामो. कॉफीबद्दल आभार, आर्मास." सहाव्या दिवशी तीच पुन्हा: "पुढच्या सप्टेंबरात भेटू."

हेलेवी बाकावर बसली. इतके दिवस तिने संशय नुसता पोसला होता. तो खरा निघेल असं तिला आतून कधी वाटलंच नव्हतं. बाहेर कुऱ्हाडीचे घाव एका लयीत पडत होते. चौतीस वर्षं या माणसाचे मोजे आपण रफू केले, याचा तिला मनापासून राग आला.

तेवढ्यात बाहेर बाईचा आवाज आला. हेलेवी दारात गेली. सत्तरीची एक काटक बाई, पाठीवर पिशवी, पायात गमबूट, आर्माससमोर उभी होती.

"काय रे, या वर्षी तरी गेलास का पलीकडे?" ती विचारत होती.

आर्मासने कुऱ्हाड खाली ठेवली आणि हेलेवीकडे पाहिलं. मग त्या बाईनेही पाहिलं.

"बायको वाटतं तुझी?" ती म्हणाली. "बरं झालं. तू तरी ने बाई याला. मी बारा वर्षं सांगून थकले. पुलाजवळ जातो, तार धरतो, आणि येऊन मला कॉफी पाजतो. मलाच कशाला, येईल त्याला पाजतो. सगळे पलीकडे जातात, हा भांडी विसळत बसतो."

तीच ओइली. कॉफी होईपर्यंत ती आपल्या नातवंडांविषयी आणि दुखऱ्या दाढेविषयी बोलत राहिली. या दोघांमध्ये काय पेटलंय हे तिला कळलं नसावं, किंवा फार चांगलं कळलं असावं. कप रिकामा करून तिने वहीत नाव लिहिलं आणि रस्ता ओलांडावा तशी पूल ओलांडून निघून गेली.

हेलेवीला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच संताप आला. बाई असती तर तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. आता शिव्या घालायच्या कुणाला, पुलाला?

"धबधबे?" तिने विचारलं.

"माहितीपत्रकात आहेत."

तेही फुकटच मिळत असणार. "आणि दरी? तो कडा?"

"तेही त्यातच." आर्मास ओंडक्यावर बसला. "पहिल्या वर्षी गिरणीतले आम्ही चौघं आलो होतो. ते तिघं गेले. मी मध्यापर्यंत गेलो आणि खाली पाहिलं. रांगत मागे आलो, हेलेवी. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा."

"साठ आता झालीत. तेव्हा चाळिशीत होतास."

"तेच तर. त्यांना म्हटलं, पाय मुरगळला. घरी आलो तर तू सगळ्यांसमोर विचारलंस, पलीकडे कसं आहे. मी म्हटलं, सुंदर आहे. एकदा म्हटलं की म्हटलं."

"मग दर वर्षी इथे येऊन का बसलास? घरी बसून नसतं का खोटं बोलता आलं?"

"ते खरं करायला येत होतो," आर्मास म्हणाला.

माणूस खोटारडा होता यात शंका नव्हती. पण एक खोटं खरं करायला एकोणीस सप्टेंबर घालवणारा खोटारडा तिने पाहिला नव्हता. त्याला मिठी मारावी की कुऱ्हाड, हे न ठरल्यामुळे ती उठली आणि पुलाकडे चालू लागली. एका वेळी एकाच माणसाने जावं, अशी पाटी होती. हात धरून नेण्याचा प्रश्नच नव्हता. पूल चांगलाच हलत होता. खाली पाणी फेसाळत होतं आणि मध्यावर तिनेही तार घट्ट धरली, पण रागात माणूस बराच लांब जातो. पलीकडे पोचून तिने दहा मिनिटं सगळं नीट पाहून घेतलं आणि परत आली.

आर्मास पुलाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. "काय आहे?"

"झाडं."

"आणि?"

"दगड. पुढच्या झोपडीची पाटी. इकडच्यासारखंच आहे सगळं."

त्याने डोळे बारीक केले. गेला महिनाभर ती त्याच्याकडे जशी बघत होती, तसाच आता तो तिच्याकडे बघत होता. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

"मी कशाला खोटं सांगू? ते खातं तुझं."

"काहीतरी असेलच. लोक काय वेडे आहेत, इतक्या लांबून यायला?"

"मग जाऊन बघ," हेलेवी म्हणाली आणि झोपडीच्या पायरीवर जाऊन बसली. तिने मुद्दामच दुसरीकडे तोंड केलं.

तो थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग पायरीकडे येऊन, धबधब्याचा आवाज ऐकू येतो का, असं विचारून गेला. तिने खांदे उडवले. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं, तिथे काही लपवलंय का ते शोधलं, आणि त्याचं समाधान झालं नाही. एकोणीस वर्षं धीराने जे जमलं नव्हतं ते आता संशयाने जमवलं. तारा करकरल्या तेव्हा हेलेवीने मान वळवली. आर्मास पुलावर होता. मध्यावर तो थांबला आणि दोन्ही तारांना घट्ट बिलगला. हाक मारावी तर दचकेल, त्याच्यामागे जावं तर पूल एकाचाच. ती तशीच बसून राहिली आणि त्याचे पाय बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यातला एक पाय पुढे सरकला.

पलीकडच्या काठावर तो उतरला आणि झाडांमध्ये दिसेनासा झाला. पुन्हा काठाशी आला तेव्हा पाण्याच्या आवाजातूनही ऐकू जावं म्हणून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"खरंच काही नाही गं इकडे!"

हेलेवी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याच्या तोंडचं हे एक वाक्य तरी तिला पडताळून पाहावं लागणार नव्हतं.