मेनिफोलवरचा पत्रा

"वाजला पुन्हा," मागच्या सीटवरून गुणवंतराव म्हणाले.

खुशालने वेग कमी केला. गुणवंतरावांच्या अँबेसिडरवर तो बरीच वर्षं ड्रायव्हर होता. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर, म्हणजे मेनिफोलवर, धग अडवायला बसवलेला पत्रा सैल झाला होता आणि गाडी मूल गावभर भांडेवालीसारखी वाजत फिरे. खुशालने तार गुंडाळली, वेल्डिंग केलं, एकदा वैतागून रबर कोंबला, तर तोच जळाला.

"काढून टाक तो."

"धग असते मालक. असू द्या."

"दादाजी मिस्तरी म्हन्ते, शोभेचा असते. परवा पोरीले पाह्याले पावणे येऊन राह्यले. त्यायच्यासमोर वाजला, तं चावी दुसऱ्याले देतो."

पत्र्यावाचून नेमकं काय अडेल, हे खुशालला तरी कुठे सांगता येत होतं? त्याने पत्रा काढून घरी नेला.

"काऊन आणलं जी हे?" त्याच्या बायकोने, कमळाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो पत्रा चुलीमागे, कुडाच्या भिंतीला टेकवून उभा केला.

सत्त्याऐंशीची सुगी होती. धानाच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर अंथरायच्या, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या फुकटात मळणी करून देत. पाहुणे घेऊन आरमोरीहून परतताना रस्त्यावर पेंढ्या अंथरणाऱ्या बायनाबाईने नेहमीसारखा हात केला.

"भाऊ, जरा डाव्या अंगानं घाला."

खुशालने गाडी पेंढ्यांवरून घातली. आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"गाडी मोठी गुपचूप चालते हो," पाहुणे म्हणाले. गुणवंतराव खुलले.

पुढच्या वळणावर वास आला, मग धूर. बॉनेट उघडलं तर खालून ओढली गेलेली पेंढ्यांची तणस मेनिफोलवर पेटलेली, वायरी वितळलेल्या. बायनाबाईने धावत येऊन घागर ओतली. नवी धोतरं चिखलाने माखवून पाहुणे एसटीत चढले. 'कळवतो' म्हणाले, पण मागे वळून कोणी पाहिलं नाही.

"काऊन नाई सांगितलं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"सांगितलं होतं न मालक."

"ड्रायव्हर कोन? तू का मी?"

त्यांनी हात पुढे केला. खुशालने चावी काढली, शर्टाला पुसली आणि दिली.

घरी पोचला तेव्हा चूल भडकली होती. कमळा भात वैरत होती. त्याचे काळे हात तिने पाहिले आणि चुलीत लाकूड सारलं. खुशाल वाकला, पत्र्यामागे हात घालून त्याने कुड चाचपला. गार होता.

"नेऊ नका जी आता हा," कमळा म्हणाली. "कामाचा आहे."

"नाई नेत," खुशाल म्हणाला, आणि हात तिथेच ठेवून बसला.