सोडणारे तिघं

सासऱ्यांच्या नव्या कवळीतून 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. साबण म्हणा, सकाळ म्हणा, शिट्टी हजर. आणि शिट्टीसरशी शेजारचं कुत्रं शेपटी हलवत दारात उभं. जेवताना घरातले सगळे हसून बेजार झाले. सासरे तेवढे हसले नाहीत. कवळी जावयाने बनवली होती. कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा, आणि एरवी हात सफाईदार, पण ही कवळी त्याने गांजाचे चार झुरके मारून, "वा, काय दात बसलेत!" असं स्वतःलाच म्हणत घडवली होती.

बायकोने भांडी आदळत निकाल दिला, "एक तर ते सोडा, नाहीतर माझ्या वडिलांच्या तोंडाला हात लावू नका."

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तिघं बसायचे. एक हा कवळीवाला. दुसरा त्याचा मेहुणा, जो व्यायामशाळेत इतरांना घाम गाळायला लावायचा. तिसरी कवळीवाल्याची थोरली बहीण. ती तळमजल्यावरच्या खोलीत एकटी राहायची आणि इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. ओढणं तिचंच सगळ्यांत जुनं. कवळीवाल्याने घरचा निकाल सांगितला तेव्हा मेहुण्याला एकदम स्फुरण चढलं.

"दाजी, आजपासून बंद म्हणजे बंद! माणसात धमक पाहिजे!" असं म्हणून त्याने चिलीम गच्चीवरून भिरकावली. ती खाली पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी उन्हात टाकलेल्या गादीवर अलगद पडली. मग त्याने ओळखीच्या प्रत्येकाला गाठून आपण सोडल्याचं सांगितलं. व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्यांना मन कसं घट्ट करायचं यावर भाषणं ठोकली. आठवडा संपायच्या आत तो त्याच बाईंच्या दारात उभा होता. "काकू, माझी एक वस्तू पडली होती का हो गादीवर?"

कवळीवाल्याला या आरडाओरड्याचं हसू आलं. "एकदम सोडणं कुणालाही जमतं, कमी करायला अक्कल लागते," असं तो बायकोला समजावायचा. रोज गांजाची एकच विडी ओढायची, असं त्याने ठरवलं. मग ती एक जरा जाड झाली. मग कामाच्या दिवशी अजिबात नाही असा नियम केला, आणि हळूहळू कामाचे दिवसच कमी झाले. एकूण 'कमी करणं' झकास चाललं होतं.

ताई नुसतं "बघते मीही," म्हणाली आणि गच्चीवर यायची थांबली.

"ताईंचं काय, त्यांना मुळात नादच नव्हता," मेहुणा धूर सोडत म्हणाला.

"हो ना, बायकांना सोपं जातं," कवळीवाल्याने हात पुढे करत दुजोरा दिला.

शेवटी नियमांचाही कंटाळा आला, तेव्हा एका संध्याकाळी तो आपली पुडी घेऊन ताईकडे गेला. "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

ताईने दिवा लावला तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, ताटातलं जेवण तसंच पडलेलं.

"तुला बरं नाही का गं?"

"झोप नाही. डोळा लागला की नको ती स्वप्नं, उशी घामाने चिंब. परवा मुकादम काही बोलला, तर ओली चादर त्याच्या तोंडावर फेकली मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोघं बोलत होतात की. मी मध्ये कुठे तोंड घालू?"

बोलताबोलता तिने पुडी हातात घेतली. नाकाशी नेली. ती तिथून हलवेचना, तेव्हा आपण काय करून बसलो ते कवळीवाल्याच्या टाळक्यात शिरलं.

"अरे गाढवा," ताई हळूच म्हणाली, "कुणाकडे काय ठेवायला आणलंस?"

ती उठली, संडासात गेली आणि तिने साखळी ओढली.

"सगळी?" कवळीवाला किंचाळला. "अगं, थोडी तरी ठेवायचीस!" आपण एवढ्या कळवळ्याने काय बोललो हे कळायला त्याला एक क्षण लागला. मग तो लाजेने लाल झाला, चिडला, नको नको ते बोलला आणि दार आपटून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचं कामात लक्ष लागेना. बायको "चहा?" म्हणाली, तर तिच्यावर खेकसला. संध्याकाळी तो मुकाट्याने ताईच्या दाराशी आला.

"ये, बस," ती म्हणाली. "आज तुझं डोकं फिरणारच." तिने पत्ते काढले. पत्त्यांत ती लबाडी करायची आणि तो भांडायचा. दोघांचा जीव त्या भांडणात रमला.

पुढे तो सुधारलाच म्हणावं, तर तसंही नाही. सासऱ्यांना त्याने दुसरी कवळी करून दिली, मात्र नंतर एका लग्नात मंडपामागे तो घसरला. मेहुणा तिथे आधीपासूनच होता. लालभडक डोळ्यांनी नवऱ्यामुलाच्या मित्रांना धमक म्हणजे काय ते समजावत होता. कवळीवाला दुसऱ्या दिवशी ताईकडे गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "काल ओढली."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "मलाही काल फार वाटत होतं," ती म्हणाली आणि पत्ते पिसायला लागली.