वाडीतला एकच गॅस

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. पोटात रॉकेल, तरी पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत सगळे मला नुसते 'गॅस' म्हणत. माझा मालक हैबती, त्याने मला महाडच्या बाजारातून डोक्यावरून आणले. लग्न असो की शिमग्याची पालखी, मी पुढे. मुले टक लावून बघत, आणि मी आणखी जोरात सूं सूं करीत असे.

माझी एक खोड आहे. सांगता सांगता माझी हवा उतरते. मग मी अर्ध्यातच

थांबा. पंप मारा.

हं. महाराष्ट्र राज्य झाले, त्यानंतरच्या हिवाळ्यात एक सरकारी साहेब आले. दिवेलागणीला देवळात बैठक भरली. मला तुळईला टांगले.

"वरच्या राखीव रानात, जमिनीखाली गॅस असू शकेल," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिले.

"जमिनीत?" गोदूबाई म्हणाली. "पुरला कोनी, हैबती?"

देऊळभर हशा. साहेबही हसले. मग त्यांनी समजावले. हा गॅस म्हणजे जळणारी हवा. ती शोधायला खोल भोक पाडायचे. त्यासाठी वाडीला पाणी देणाऱ्या झऱ्यावरची झाडी तोडावी लागेल. यंत्राचा रस्ता गोदूबाईच्या नाचणीच्या शेतातून जाईल. तरण्यांना इथेच काम मिळेल.

गोदूबाईचे हसू थांबले. तिचा मुलगा चांगू मुंबईला गिरणीत होता.

"माजा चांगू घरी येल?"

"येईल."

"आन गॅस नक्की हाय?"

"पाहिल्याशिवाय कसे सांगू, बाई? पण निघाला तर देशाच्या चुली पेटतील."

"वैनी, दे की जागा," हैबती म्हणाला. "पोर डोळ्यासमोर राहील."

तिने हो म्हणावे, असे मलाही वाटत होते. तो दुसरा गॅस मला बघायचा होता. मी तिच्या तोंडावर लख्ख उजेड

पंप.

हैबतीने उठून मारला. मी पुन्हा पांढरी झाले. गोदूबाई माझ्याकडेच बघत होती.

"सायब, ह्यो इजाया लागला त पंप मारता येतो. झाडं गेली न झरा आटला, त त्याला कुठचा पंप मारू? नाय. शेत नाय देत."

"आन चांगू गो?" हैबतीने विचारले.

"त्यो आला की पयलं पानीच मागंल."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. "तसे वर कळवतो," म्हणाले. रस्ता झाला नाही. चांगू शिमग्यापुरताच येत राहिला. तो परत निघाला की गोदूबाई वळणापर्यंत जाई आणि पदराने डोळे पुसत येई. पण 'चुकलं' असे ती कधी म्हणाली नाही. घागर उचलून ती झऱ्यावर जाई.

आता माझी काच तडकली आहे. मित्रांनो, जमिनीखालचा उजेड तुम्ही शोधा, जरूर शोधा. पण भोक पाडण्याआधी तिथले पाणी एकदा पिऊन बघा. माझ्यासारखा गॅस बाजारात आणखी मिळेल. झरा

नको. आता पंप ठेवा. घागर घ्या, वर चला.