भिंतीजवळचा बेस

मामांच्या स्टुडिओत एक तपकिरी सोफा आहे आणि त्या सोफ्याने माझी कित्येक वर्षं खाल्ली. लोकांना वाटेल मी वाढवून सांगते. मी सांगतेच वाढवून, स्वभावच आहे माझा, पण हे नाही.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला टेबल, कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर आणि माझी खुर्ची. दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीला चिकटून, तो सोफा. खुर्चीवर मी बसते, कारण गाणी मी मिक्स करते, म्हणजे त्यातले आवाज कमीजास्त करून जुळवते. सोफ्यावर मामा बसतात, डोकं भिंतीला टेकवून आणि डोळे मिटून, कारण स्टुडिओ त्यांचा आहे.

आमच्याकडे येतात ती नाचाची गाणी, सगळी कॉम्प्युटरवर केलेली. त्यांचा जीव असतो तळाशी: किक, म्हणजे छातीवर थाप देणारा मोठा ड्रम, आणि बेस, म्हणजे खालच्या पट्टीत घुमणारा सूर. दोघांनाही नेमकी तीच जागा हवी असते, अरुंद दारात समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखी. मग एकाला क्षणभर सरावं लागतं. किक पडली की बेसने दबायचं, किक गेली की परत वर यायचं, आणि हे इतक्या चटकन व्हायला हवं की नाचणाऱ्याला पत्ताही लागू नये. हे जमवताना माझा जीव मेटाकुटीला येतो, पण जमलं की त्या दिवशी मला दुसरं काही नको असतं.

आता गोची अशी की बेस भिंतीपाशी साठतो. कुठल्याही खोलीत साठतो, त्यात नवल काही नाही. खुर्चीवर मोजका वाटणारा बेस मामांच्या डोक्यामागे नुसता घुमत असायचा. मामा डोळे न उघडता म्हणायचे, "बेस कमी कर." मी करायची. "अजून." अजून करायची. सोफ्यावर ते बरोबर वाटेपर्यंत गाण्याचं पार चिपाड झालेलं असायचं. फाईल मामा स्वतः पाठवायचे. मग कुठल्यातरी हॉलमध्ये ते गाणं वाजायचं आणि ड्रमचा आवाज यायचा टेबलावर पेन आपटल्यासारखा. गिऱ्हाइकाचा फोन यायचा. मामा माझ्यादेखत त्याला सांगायचे, "भाचीने केलंय हो. शिकतेय अजून. बायकांना बेस जरा कमीच कळतो."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सांगितलं नाही का? तीनदा सांगितलं. पहिल्यांदा गोडीत, दुसऱ्यांदा कागदावर खोली काढून, तिसऱ्यांदा चिडून. मामा तरुणपणी मोठमोठ्या कार्यक्रमांना स्पीकर भाड्याने द्यायचे. ते म्हणाले, "मैदानंच्या मैदानं हलवली मी या हातांनी. तू मला सोफा शिकवतेस?" एकदा मी सरळ सोफा पुढे ओढून ठेवला. मामा आले, काही न विचारता दोन्ही हातांनी तो भिंतीला भिडवला आणि म्हणाले, "याला हात लावायचा नाही." त्यानंतर मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे तोंडाने. आतून धुमसतच होते.

त्यात जावईबापू उगवले. माझ्या मामेबहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, पण कुठलासा छोटा कोर्स करून आल्यापासून जेवतानाही हेडफोन गळ्यात. मामांनी एक दिवस जाहीर केलं, "आता टोपीचं गाणं येतंय. तेही असंच पोकळ गेलं, तर खुर्चीवर जावईबापू बसतील. तू फोन घे, लोकांना वेळा दे. तुझं बोलणं चांगलं आहे."

माझं बोलणं चांगलं आहे! ज्या माणसाने माझं बोलणं तीनदा उडवून लावलं, तो म्हणतो.

टोपी म्हणजे आमच्याकडे गाणी घेऊन येणारा एक पोरगेलासा संगीतकार. टोपीशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नाही. एका मोठ्या नाचाच्या कार्यक्रमाची सुरुवातच त्याच्या गाण्याने होणार होती. मी त्या गाण्यावर जीव ओतला. किक स्वच्छ आणि ठाम बसली, आणि बेस तिच्यासाठी असा सरकायचा की खुर्चीवर बसल्याबसल्या माझे पाय हलायला लागले. टोपी शेजारी स्टुलावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, आता हात लावू नका."

संध्याकाळी मामा आले. सोफ्यावर बसले, डोकं टेकवलं, डोळे मिटले.

"चिखल झालाय नुसता," मामा म्हणाले. "बेस कमी कर. चांगला कमी कर. उद्या सकाळी ऐकतो, मग पाठवतो."

"मामा, एकदा इथे खुर्चीवर बसून ऐका ना."

"खुर्चीवर मीच बसायचं तर तू कशाला आहेस?"

जावईबापू हसले. मामा हसले. टोपीने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बुटांकडे पाहिलं.

रात्रभर मी विचार केला. बेस कमी केला तर गाणं हॉलमध्ये पडणार आणि माझी खुर्ची जाणार. कमी नाही केला तर मामा ऐकणार आणि खुर्ची सकाळीच जाणार. म्हणजे ऐकलं तरी मी मेले, नाही ऐकलं तरी मेले. सकाळपर्यंत माझा निश्चय झाला होता. गाण्याला हात लावायचा नाही. हात लावायचा तर सोफ्याला.

टोपीला लवकर बोलावलं. दोघांनी मिळून सोफा ओढला. खोलीच्या अगदी मध्यावर नाही, तिथे बेस गायबच होतो. मध्याच्या थोडा मागे, जिथे बेस खुर्चीवर येतो तसाच येतो. ओढताना सोफ्याखालून धुळीचे गोळे निघाले. झाडूही मीच मारला.

मामा जावईबापूंना घेऊन आले आणि दारातच थबकले. "हा इथे कुणी आणला?"

"मागे झाडत होते," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

मामा कुरकुरत बसले. डोकं टेकायला भिंत नाही म्हणून मान ताठ ठेवून बसावं लागलं. मी गाणं लावलं. पहिली किक पडली आणि मामांच्या भुवया वर गेल्या. बेस आला, दबला, वर आला. मामांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. गाणं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला क्षणभर त्यांची दयाच आली.

"हे असं!" मामा म्हणाले. "बघ, सांगितलं तेवढा बेस कमी केलास की नाही? ऐकलं की कसं होतं."

"बाबा, कान म्हणजे तुमचेच," जावईबापू म्हणाले.

तेव्हा माझा बांध फुटला. "मामा, मी कणभरही कमी केलेला नाही. हे कालचंच आहे, काल ज्याला चिखल म्हणालात तेच. मी फक्त सोफा हलवला."

"काहीतरीच काय बोलतेस."

"खरं आहे, काका," टोपी म्हणाला. "मी इथेच होतो. कुणी काहीही बदललं नाही."

मामा उठले. त्यांनी आणि जावईबापूंनी सोफा भिंतीला नेला. मामा बसले. "लाव." मी लावलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी सोफा परत पुढे घेतला. "लाव." आठ्या गेल्या. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. जावईबापू घामाघूम झाले. मामांना आवाजातलं कळत नाही असं मी कधी म्हणणार नाही. त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावर ते कळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि वेड्यासारखी वाट पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. माफी नको होती मला. नुसतं "अगं, खरंच की" म्हणाले असते तरी मी सगळं पोटात घातलं असतं.

मामांनी घसा साफ केला. "म्हणजे तुला हे इतकी वर्षं माहीत होतं?"

"हो."

"आणि तू सोफा हलवला नाहीस? इतकी वर्षं माझी गाणी पोकळ जाऊ दिलीस? बाजारात माझं नाव घालवलंस?"

जावईबापू म्हणाले, "ताई, आधी सांगायला हवं होतं."

"असू दे," मामा मोठ्या मनाने म्हणाले. "झालं ते झालं. आता अडचणच मिटली. सोफा जागेवर आला म्हणजे आता कुणालाही जमेल. जावईबापू, उद्यापासून तुम्ही बसा. आणि तू फोन घे."

म्हणजे गाणं पडलं असतं तर खुर्ची जाणार होती, आणि गाणं जमलं म्हणूनही खुर्ची चालली होती. आजवर अशा वेळी मी उठून चहा ठेवायला गेले आहे. या वेळी मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि बसून राहिले.

"मी उठणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मी तीनदा सांगितलं होतं. एकदा सोफा हलवलाही होता, तुम्ही तो ढकलून परत नेलात. तुम्हाला आठवतंय. आठवत नसतं तर तुम्ही आत्ता माझ्याकडे पाहून बोलला असतात. तेव्हा आता या दोघांसमोर म्हणा, 'भाचीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' एवढंच. म्हणालात की मी आपणहून उठते, खुर्ची पुसून जावईबापूंना देते आणि जन्मभर फोन घेते. तोवर मला इथून हलवायचं असेल तर सोफ्यासारखं ओढून न्या."

जावईबापूंनी गळ्यातले हेडफोन काढून हातात घेतले, का ते त्यांनाच ठाऊक. मामांनी तोंड उघडलं. मला खरंच वाटलं की येतंय, ओठांपर्यंत आलंय. मग ते म्हणाले, "गाणं पाठवून दे," आणि बाहेर निघून गेले.

गाणं मी पाठवलं, तसंच. हॉलमध्ये ते कसं वाजलं ते सांगायला टोपीने फोन केला आणि फोनवर नुसताच ओरडत राहिला. मामा लोकांना सांगतात, आमच्या स्टुडिओचा बेस ऐका.

मी अजून त्याच खुर्चीवर बसते. मामा रोज येतात, पुढे घेतलेल्या सोफ्यावर ताठ मानेने बसतात, ऐकतात आणि "ठीक आहे" म्हणून जातात. जावईबापूंना बसवायचं त्यांच्या मनात अजून आहे, मामी मला सांगते. त्यासाठी त्यांना एक लहानसं वाक्य बोलावं लागेल, आणि ते काही त्यांच्या तोंडून निघत नाही. सगळे म्हणतात, जिंकलीस की तू, खुर्ची राखलीस. डोंबल माझं जिंकले. मामांनी ते वाक्य आज म्हटलं, तर मी आज उठेन.