पाळी बंद झाल्याचा निरोप

ते साल दोन हजार पंचवीस. भादव्यात पाऊस दडला, धान पोटरीवर आलेलं, आणि मोहाडीजवळच्या त्या गावाची सारी भिस्त तलावावर. अशा वेळी समाजमंदिरात गर्दी लोटली ती चंद्रकुमार महाराजाच्या लॅपटॉपपुढे नारळ फोडायला.

लॅपटॉपवर लाल फडकं होतं. महाराज त्याखाली डोकं घालून पुटपुटायचा आणि घामेजून बाहेर यायचा. "आता माणसानं डोकं शिणवायचं काम नाही. देव सोता प्रोग्राम लिहून राहिला. फडकं उचलान तर शक्ती पळून जाईन." देवाला हवं म्हणून त्यानं सगळ्यांची नावं अन् वयं घेतली होती. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाण्याची पाळी कधी, ते आता प्रोग्रामच सांगणार होता.

मनकर्णाबाईची बांधी नहराच्या पार टोकाला. पीक करपायला लागलेलं. तिनंही हात जोडले.

सकाळी फोन वाजले. म्हाताऱ्या तुलारामनं चष्मा चढवून निरोप मोठ्यानं वाचला: 'तुमची पाळी जवळ आली आहे. पोट शेकावे. जड कामे टाळावीत.'

बायांनी तोंडाला पदर लावला. त्याची बायको म्हणाली, "टाळा जी. तसंही रोज टाळूनच राहिले."

मनकर्णाबाईचा निरोप वेगळा होता: 'वय पाहता आपली पाळी बंद झाली आहे.' म्हणजे तिला पाणीच नाही.

"ते बंद होऊन जमाना झाला," ती म्हणाली, "पण धानाले कोण सांगन?"

तिची पुतणी टीना नागपुरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, गणपतीला घरी आलेली. तिनं सरळ जाऊन फडकं उचललं. खाली देव नव्हता. कोणालाही फोनवर फुकट मिळतो तसला, सांगितलं ते लिहून देणारा एआय प्रोग्राम होता, आणि महाराजानं त्यात टाकलेली एकच ओळ: 'सगळ्यांना पाळीची आठवण देणारं ॲप बनव.'

"यानं जगातलं लिहिलेलं वाचलं हाये, मोठीमाय," टीना म्हणाली. "पाळी म्हटलं की लोक बहुतेक जे लिहितात, तेच यानं जुळवून देल्लं. कोणती पाळी, हे महाराजानं सांगतलं नाही, अन् आलेलं वाचलंही नाही. हेच झाकायले फडकं होतं."

मग ती मनकर्णाबाईबरोबर नहराच्या काठानं हिंडली. पाणी कुठे झिरपतं, टोकाला पोचायला किती वेळ लागतो, वरचे लोक कुठे अडवतात, सारं विचारलं. नंतर त्याच यंत्राकडून प्रोग्राम पुन्हा लिहवून घेतला, ओळ न् ओळ तपासली, चुकलेलं बदललं. त्यानं लावून दिलेल्या पाळीनं सांजेला पाणी टोकाच्या बांधीत शिरलं.

यंत्राकडून खुशाल लिहवून घ्यावं. पण काय हवं आणि आलं ते बरोबर का, हा विचार आपणच करायचा. तो सोडला की साधं यंत्रही देव होऊन बसतं.

चंद्रकुमार आता पवनीला मोबाईलची कव्हरं विकतो. तुलारामला अजून कोणी ना कोणी पोट शेकलं का म्हणून विचारतं. टीना नागपुरातच आहे. काम हाती घेण्याआधी फार प्रश्न विचारते म्हणून साहेब वैतागतो. मनकर्णाबाईचं धान भरलं. गावात कोणी नवा चमत्कार घेऊन आला, की ती पुढे होऊन एवढंच विचारते, "कोणती पाळी?"