खिडकीखालचं मँगोस्टीन

न्हाणीघर बांधायचं ठरलं ते दार्मावीसाठीच. जुनी न्हाणी घरामागे पायऱ्या उतरून तळ्याच्या काठी होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला तिथवर नेता-आणता युस्निदारची कंबर मोडून यायची. एकदा शेवाळलेल्या पायरीवरून नवरा-बायको दोघंही घसरले. हाडं शाबूत राहिली हे नशीब. त्याच संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ झुल्बाहरी आला, घराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "अक्का, दाजींच्या खोलीला लागूनच न्हाणी काढू. खिडकीच्या जागी दार पाडलं की झालं. बसल्या बसल्या आंघोळ."

"आणि ते झाड?" युस्निदारने विचारलं.

खिडकीखाली मँगोस्टीनचं झाड होतं. माणसाच्या छातीहून थोडं उंच, सरळ, जाड गर्द पानांचं, अजून एकदाही न फळलेलं. दार्मावीच्या आईच्या अंगणात एक जुनं मँगोस्टीन होतं. ती गेल्यावर त्याच्या बहिणींनी ते तोडून तिथे भाताची गिरणी घातली. तोडण्याआधीच्या शेवटच्या बहरातली फळं दार्मावीने खाल्ली, बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सासुरवाडीला आणल्या. सासुरवाडी म्हणजे हेच घर. इथल्या रीतीप्रमाणे घर बायकोचं, जमीन तिच्या आईकडून आलेली. दार्मावी लग्न होऊन आला तो शिवणाचं यंत्र आणि कपड्यांचं एक बोचकं घेऊन. गावाचे कपडे शिवण्यात त्याचा जन्म गेला. या अंगणात तो काही मागून घेणाऱ्यातला नव्हता, पण खिडकीखालचा कोपरा कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून बी तिथे रुजवलं. मँगोस्टीन फार सावकाश वाढतं. मशीन चालवता चालवता मान वर केली की ते दिसायचं, आणि वर्षभरात वीतभर जरी वाढलं तरी त्याला समाधान वाटायचं.

"तोडायचं नाही," युस्निदार भावाला म्हणाली. "उपटून तिकडे लावू, दालचिनीच्या झाडापलीकडे. यांचा जीव आहे त्याच्यावर."

दार्मावी खाटेवर बसून ऐकत होता. मँगोस्टीन असं हलवता येत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि बाजूची मुळं थोडी, नाजूक. एका बाजूने चर खणायचा, मग बरेच दिवस थांबायचं, मग दुसऱ्या बाजूने. आणि शेंड्यावर तर आत्ताच गुलाबीसर पालवीची जोडी फुटली होती. ती जून होऊन गर्द होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असं आई सांगायची. हे सगळं त्याच्या डोक्यात अगदी ओळीने, स्वच्छ उभं होतं. त्याने तोंड उघडलं.

"उद्या," तो म्हणाला.

झटक्यानंतर त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी उद्या, दुखलं तरी उद्या, नातवंडाचा फोन आला तरी उद्या. डॉक्टर म्हणाले होते की यांना आतून सगळं समजतं, फक्त वाट बंद झाली आहे. युस्निदार ते सगळ्यांना सांगायची. पण सांगणं वेगळं आणि रोज समोर बसून त्या एका शब्दातून माणूस शोधणं वेगळं.

"उद्या नाही हो जमणार," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "गवंडी शुक्रवारची नमाज झाली की विटा टाकणार. झाड त्याच्या आत निघायला हवं."

"दाजींना घाई नाही," झुल्बाहरी हसला. "पण तळ्याकाठी पुन्हा घसरलात ना, तर मला अक्काला पाठुंगळीवर घ्यावं लागेल आणि ती काय कमी वजनाची आहे?"

"तुझी बायको उचल आधी," युस्निदार म्हणाली. दार्मावीही हसला. तोंडाची एकच बाजू हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुल्बाहरी पहार, कुदळ आणि कोयता घेऊन आला. सागो डोंगरावर ढग उतरलेले, ऊन नव्हतं. दिवस तसा बरा होता. युस्निदारने खुर्ची बाहेर काढली, दार्मावीला तिच्यात बसवलं, मांडीवर चादर टाकली. जवळ करवंटीत कॉफीच्या पानांचा गरम काढा ठेवला. "बघा नीट," ती म्हणाली, "तुमच्या नजरेखाली होऊ दे."

झुल्बाहरी काही अडाणी नव्हता. त्याने नवा खड्डा आधीच खणून ठेवला होता, त्यात गोठ्यातलं जुनं शेण घातलं होतं, सावलीसाठी माडाच्या झावळ्याही तोडून आणल्या होत्या. दार्मावीला ते पाहून जरा धीर आला. त्याने डावा हात उचलला, हवेत मोठा गोल काढला.

"गोल खणू? असा, लांबून?" झुल्बाहरीने बुंध्यापासून हातभर अंतरावर पहारीने रेघ ओढली.

दार्मावीने मान हलवली. मग हात अजून बाहेर नेला. अजून.

"अजून लांबून? बरं बाबा, तुमचं झाड, तुमचा हुकूम." झुल्बाहरीने रेघ पुढे सरकवली. युस्निदारच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक दिवसांत नवऱ्याचं म्हणणं असं कुणाला सरळ पोचलं नव्हतं. दार्मावीलाही वाटलं, जमेल. मग त्याने अर्ध्या गोलाकडे बोट केलं आणि तळहात उभा धरला. इथवरच, आज इतकंच, बाकीचं नंतर. "उद्या," तो म्हणाला. या वेळी शब्द अगदी अर्थाजवळ आला होता.

"आजच, आजच," झुल्बाहरी म्हणाला आणि वाकून खणू लागला.

अर्धा गोल झाला. पहार पुढे सरकली. दार्मावीने हात हलवला, खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "उद्या. उद्या. उद्या." आवाज चढला तसा तो शब्द विचित्र वाटू लागला, त्याला स्वतःलासुद्धा. युस्निदारने चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. लाल झालेला, ओठाच्या कडेला लाळ.

"काय होतंय? थंडी वाजते? भूक?" ती एकेक विचारत गेली. झाडाबद्दल काही विचारते का म्हणून तो वाट पाहत राहिला. त्याने पालवीकडे बोट केलं. तिने तिकडे पाहिलं. "हो, किती छान फुटली आहे ना?" मग त्याच्या हाताचा धक्का लागून करवंटी उलटली, काढा चादरीवर सांडला, आणि तिला वाटलं की कळलं. "अगं बाई, लघवीला लागली असेल. कधीपासून बसवून ठेवलंय मी. चला, आत चला."

तो अंग ताठ करून बसला. पण तिला सवय होती. काखेत खांदा घालून तिने त्याला उठवलं, त्याचा लुळा पाय ओढत आत नेलं. खाटेवर बसवलं, भांडं धरलं. "लाजू नका," ती म्हणाली, "मीच आहे." त्याला लघवी लागली नव्हती. भांडं तसंच रिकामं, ती तशीच वाट पाहत. खिडकीबाहेर पहारीचा आवाज थांबला. मग कोयत्याचा एक घाव ऐकू आला, ओलसर, जाड. पुन्हा एक.

त्याने डोळे मिटले. युस्निदारला वाटलं, आता मोकळं वाटलं असेल.

बाहेर आले तेव्हा झाड आडवं पडलं होतं. सोटमुळाच्या कापलेल्या तोंडातून पिवळा चीक गळत होता. मुळांभोवतीची माती गोणपाटात बांधायला झुल्बाहरी ओढू लागला तशी ती भसकन अर्धी सुटली, आणि बारीक मुळं उघडी पडली, केसांसारखी. "अरे अरे," तो पुटपुटला, आणि हाताने ती माती पुन्हा लिंपू लागला. मग घामाघूम होऊन त्याने झाड दालचिनीपलीकडे वाहून नेलं, लावलं, पायांनी माती दाबली, झावळ्या बांधल्या, पाणी घातलं. काम मनापासून केलं त्याने. येऊन दार्मावीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, पहिलं फळ मला."

दार्मावी त्याच्याकडे बघत राहिला. राग यावा असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं.

गवंडी आला, भिंती उठल्या, खिडकीचं दार झालं. पालवीची गुलाबी जोडी आधी मान टाकून लोंबली, मग काळी पडली. खालची पानं कडेने करपत गेली. युस्निदार रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायची. इतकं पाणी नको, मुळं कुजतील, हे दार्मावीला दिसत होतं. त्याने एकदा बादलीच पालथी केली. तिला वाटलं, चुकून लागला हात. दुसरी भरून आणली.

हळूहळू ती त्याची खुर्ची दुसऱ्या बाजूला, तळ्याकडे तोंड करून मांडू लागली. "तिकडे बदकं बघा," ती म्हणायची. झाडाची चौकशी त्याने केलेली नसतानाच सांगायची, "धरलंय हं मूळ. वेळ लागतो." एक दिवस तिचं लक्ष नसताना त्याने मान जमेल तेवढी वळवली. झाडाच्या बुंध्याजवळ बसून ती नखाने साल खरवडून आत कुठे हिरवं आहे का बघत होती. एका जागी खरवडली, वर खरवडली, अजून वर. मग तशीच बसून राहिली. त्याने मान पुन्हा बदकांकडे केली. तिला दिसू नये की त्याने पाहिलं.

नव्या न्हाणीत पहिली आंघोळ झाली त्या दिवशी झुल्बाहरीच्या बायकोने चिकट भाताचे लाडू पाठवले. युस्निदारने त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाठीला साबण लावला. कोरी भिंत, सिमेंटचा वास. पाणी ओतता ओतता ती थांबली.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली. "त्या दिवशी. मला वाटलं मला कळलं. आता वाटतं, काही वेगळंच होतं ते. झाड गेलं हो. कधीच गेलं. मी खोटं बोलत होते."

त्याला सांगायचं होतं की ते ठाऊक आहे, तिची चूक नाही, झुल्बाहरीचीही नाही. हेही सांगायचं होतं की ते वाळकं खोड आता उपटून टाका, रोज तिकडे बघून तिने झुरू नये. इतकं सगळं सांगायचं होतं. तोंड उघडायचा त्याला धीर झाला नाही, कारण काय बाहेर पडेल ते त्याला माहीत होतं. त्याने डावा हात मागे नेला, चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. त्याचा हात ओला होता, गार पडला होता.

"गार लागतंय ना?" ती लगेच म्हणाली. "थांबा हं." मनगट सोडवून ती स्वयंपाकघरात गेली, किटली घेऊन आली आणि बादलीत कढत पाणी ओतून, हाताने ढवळून, त्याच्या खांद्यावर हळूहळू घालू लागली.